कूलरच्या खिडकीतून हॉर्न

महोदय,

नागपूरच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूसारख्या वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना जाड पडदे लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. पडद्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, ट्रकचा हॉर्न नाही. आवाज हवेबरोबर फटीतून येतो. म्हणून आधी सरकत्या खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. जमल्यास आतून दुसरी काचेची खिडकी बसवावी. दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितका उपयोग.

पण नागपूरची खरी पंचाईत उन्हाळ्यात. रस्त्याकडच्या खिडकीत कूलर बसला की रबरी पट्ट्यांचा खर्च पाण्यात! कूलर मागच्या बाजूला हलवावा, हवा बाहेर पडायलाही तिकडेच वाट ठेवावी. घर बांधतानाच हे सांगणारा कंत्राटदार मात्र विरळा.

आणि सगळा खर्च रहिवाशांनीच का करायचा? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आणीबाणी वगळता त्या वेळेत तिथे हॉर्नलाही मनाई आहे. वाहतूक पोलिसांनी हेल्मेटइतकीच तत्परता कर्कश हॉर्नबाबतही दाखवावी.

– एक वाचक, नागपूर