घोडा नुसता काळा केला म्हणजे खरा दिसत नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पानावर सातवीतल्या एका मुलाचं पेन्सिलनं काढलेलं घोड्याचं चित्र आलं होतं. मी ते कापून ठेवलंय. मुलाचा हात खरंच चांगला आहे, मानेचा बाक सुरेख जमलाय, आणि एवढ्या लहान वयात शेडिंगला बसायचा पेशन्स असणं ही साधी गोष्ट नाही. पण खाली नुसतं "सुंदर चित्र" एवढंच छापलेलं बघून मला जरा वाईट वाटलं, कारण त्या चित्रात तीन-चार गोष्टी अशा होत्या की कुणी शेजारी बसून दाखवल्या असत्या तर तेच चित्र आठ दिवसात कुठल्या कुठे गेलं असतं. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर झालो, आणि शहाद्याला राहतो म्हणजे सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळच, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट पायांची. मुलं घोड्याचे पाय पाइपासारखे काढतात आणि मागचा पाय काढताना गडबडतात, कारण त्यांना वाटतं की घोड्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो. अहो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे! खरा गुडघा वर, पोटाला लागून, मांडीत लपलेला असतो. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट, आणि खूर म्हणजे मधल्या एका बोटाचं नख. हे एकदा मुलाला स्वतःच्या हातावर दाखवलं, हात टेबलावर टेकवून फक्त मधल्या बोटाच्या टोकावर उभा करायला लावला, की त्याचा घोडा त्या दिवसापासून बदलतो, हा माझा अनुभव आहे. अजून एक, घोड्याला आपल्यासारखं गळ्याचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात आणि धड त्या दोन पायांच्या मध्ये झोळीसारखं अडकवलेलं असतं. म्हणून छातीत आणि खांद्यात एवढे चढउतार दिसतात, तिथं सपाट करडा रंग भरला की घोडा लाकडाचा वाटायला लागतो.

माझ्याकडे गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा यायचा. तो आधी एका क्लासला जायचा, तिथं त्याला प्रत्येक वेळी एकच सांगितलं गेलं, अजून डार्क कर, आणि बोटानं घासून स्मूथ कर. त्यानं तीन आठवडे एकच घोडा घासला होता, कागदाला चमक आली होती, बोटांचं तेल लागून डाग पडले होते, खोडरबरानंही जाईनात. आई म्हणाली सर याचं काहीतरी करा, तो रडकुंडीला आलाय. मी चित्राला हातच लावला नाही, त्याला घेऊन आमच्या मागच्या गल्लीत लग्नाचा घोडा ठेवतात त्यांच्याकडे गेलो. कुमैत घोडी होती, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट, लिंबाखाली बांधलेली, खरारा चालला होता. मालक म्हणाले, "सर, पाय उचलून दाखवू का?" आणि दाखवला. मी मुलाला म्हटलं डोळे मिट आणि मनगटाच्या खाली हात फिरव. त्यानं फिरवला आणि एकदम म्हणाला, "सर, हे दोन आहे!" पुढे कडक हाड, मागे दोरीसारखी ताणलेली शीर, आणि दोघांच्या मध्ये बोट बसेल एवढी खाच. तेवढ्यात घोडीनं मागचा एक पाय सैल सोडला, खुराचं नुसतं टोक टेकवलं आणि त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा गोल भाग, खाली उतरला. मुलगा बघतच राहिला. तीन आठवडे तो टेबलाला चार पाय लावावेत तसे पाय काढत होता ना.

घरी आल्यावर त्यानं नवीन कार्ट्रिज शीट घेतला आणि पायाला दोन शेड दिल्या, हाडाला उजळ आणि खाचेत 4बी या मऊ, गडद पेन्सिलची एक बारीक रेघ, बस. तेवढ्यानं पाय गोल झाला.

दुसरं म्हणजे माप. डोक्याची लांबी पट्टी म्हणून धरायची, कानामागच्या टाळूपासून ओठापर्यंत. पाठीवर आयाळ जिथं संपते त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत साधारण अडीच डोकी, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतही साधारण अडीचच. म्हणजे मान-डोकं सोडलं तर उभा घोडा जवळजवळ चौकोनात बसतो. तुम्ही छापलेल्या चित्रात धड साडेतीन डोक्यांचं झालं होतं. आणि शिंगरू काढायचं असेल तर मोठा घोडा लहान करून चालत नाही, शिंगराचे पाय जन्मापासूनच लांबलचक असतात, धड तेवढं छोटं असतं.

आता मोबाइलचा विषय, कारण आजकाल सगळी मुलं फोटोवरूनच काढतात आणि मी त्याला नाही म्हणत नाही. पण फोटो घोड्याच्या तोंडाजवळ उभं राहून काढला की डोकं भलंमोठं आणि मागचा भाग आक्रसलेला येतो, मूल बिचारं तेच प्रामाणिकपणे उतरवतं आणि मग चित्र चुकलं म्हणून स्वतःला दोष देतं. पंधरा-वीस फूट मागे जाऊन झूम करून फोटो काढा. चित्र पूर्ण होत आलं की त्याचाही फोटो काढून आरशासारखा उलटा करून बघा, डावी-उजवी चूक लगेच डोळ्यात भरते.

शेडिंगचं थोडक्यात सांगतो. केस ज्या दिशेला जातात त्या दिशेनंच पेन्सिल न्यायची. कपाळावर भोवरा असतो तिथं केसांच्या दिशा फिरतात, बाजारातले जुने व्यापारी घोडा घेताना भोवरे आधी बघतात, गळ्यावरच्या भोवऱ्याला, देवमणीला, तर केवढा मान, मग चित्र काढणाऱ्यानं का बघू नये! नुकरा म्हणजे पांढरा घोडा काढायचा तर अंग भरायचंच नाही, मागची भिंत किंवा झाड गडद करायचं, घोडा आपोआप पुढे येतो. कुमैत असेल तर आयाळ, शेपूट आणि पायाचा खालचा भाग 6बी नं, अंग 2बी नं. पोटाखाली अगदी काळं करू नका, जमिनीवरून उजेड परत वर येतो तो तिथं दिसतो. आयाळीचा एकेक केस काढत बसू नका, आधी झुपके बघा. आणि डोळा! माणसाच्या डोळ्यासारखी गोल बाहुली काढली की सगळा घोडा बिघडतो, घोड्याची बाहुली आडवी असते, डोळा जवळजवळ सगळा गडद, वरच्या बाजूला आभाळाची चमक. तेवढी चमक पहिल्यापासून कोरी सोडायची, नंतर खोडून ती तशी मिळत नाही. आपल्याकडच्या मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकं एकमेकांना टेकतात, इंटरनेटवरचा विलायती घोडा बघून सरळ कान काढले की तो आपल्या बाजारातला घोडा राहत नाही.

मोठमोठे चित्रकारही यात चुकलेत हे मुलांना सांगायला पाहिजे, म्हणजे त्यांची भीती जाते. जेरिको नावाच्या फ्रेंच चित्रकारानं 1821 मध्ये इंग्लंडमधल्या एप्समच्या रेसचं चित्र काढलं त्यात घोडे चारी पाय पुढे-मागे ताणून हवेत आहेत, आणि तेव्हा सगळेच तसं काढायचे. 1878 मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले तेव्हा दिसलं की चारी पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्ज नावाचा चित्रकार दीड वर्ष एका शेतघरात मेलेल्या घोड्यांचं एकेक कातडं, एकेक स्नायू सोलून बघत बसला होता, 1766 ला त्यानं ती चित्रं स्वतः कोरून छापली. एवढं आपल्या मुलांना करायची गरज नाही. पण पुण्यात शिल्पकार करमरकरांनी केलेला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, मी मुलाकडे गेलो की तिथं वही घेऊन उभा राहतो. ब्राँझचा घोडा हलत नाही, दुपारच्या उन्हात खांद्याचा आणि पुठ्ठ्याचा प्रत्येक उंचवटा वेगळा दिसतो, पुण्याच्या शाळांनी मुलांना तिथं परवानगी काढून न्यायला काय हरकत आहे?

तर माझी विनंती अशी की मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी एकाच मुलाची दोन चित्रं शेजारी शेजारी छापा, पहिलं आणि सुधारलेलं, आणि मध्ये चार ओळीत काय बदललं ते लिहा. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. त्या सातवीतल्या मुलाला तुमच्यामार्फत निरोप द्या की त्यानं तोच घोडा पुन्हा काढून पाठवावा, फाडू नये जुना. आणि जमलं तर दत्तजयंतीला वडिलांना घेऊन सारंगखेड्याला यावं, यात्रेत सकाळी उन्हं तिरपी असतात तेव्हा मी वही घेऊन बाजारातच असतो, बसायला घडीचे दोन स्टूल आणतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
शहादा, जि. नंदुरबार