चि. शलोमीस, पप्पांच्या शस्त्रक्रियेपूर्वी

मोहननगर, नागपूर
18 मे

चि. शलोमी हिस,

प्रभू येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री तू फोन ठेवल्यानंतर लगेच उलट फोन करावा असे मनात आले होते. परंतु फोनवर आपण दोघीही एकमेकींचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पप्पांची शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी ठरली. उजव्या पायाची करंगळी काढावी लागेल. डॉप्लर तपासणीत पावलापर्यंतचा रक्तपुरवठा अजून बरा दिसतो, तेव्हा आज करंगळीवर निभावेल; थांबलो तर महिन्याभराने पावलाविषयी बोलावे लागेल, असे सर्जनसाहेबांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी सांगितले नसते तरी मला ते दिसतच होते.

रोज सकाळी ड्रेसिंग मीच करते. सलाईनने जखम धुऊन फोर्सेपने जुना गॉज सोडवताना करंगळीचा काळा भाग किती वर सरकला हे मी पाहते, आणि पप्पा छताकडे बघत ‘बरी आहे ना आज?’ असे विचारतात. मधुमेहाने संवेदना गेल्यामुळे त्यांना दुखत नाही, हीच खरी भीतीची गोष्ट आहे. वास लपवण्यासाठी मी खोलीत उदबत्ती लावते. एस्तेरआत्याला ते आवडत नाही, पण तिला काय आवडते!

तू म्हणालीस की करंगळी कापू देऊ नका, चाळीस दिवस थांबा, तुझ्या सभेच्या उपदेशक बंधूंनी वचन दिले आहे. आणि त्यानंतर म्हणालीस की पप्पांचा विश्वास कमी पडतो आहे. फोन स्पीकरवर होता, शलोमी. ते काही बोलले नाहीत. कूलरमध्ये पाणी भरले का, एवढेच त्यांनी मला विचारले.

या पत्रात उपदेश करायचा नाही असे ठरवूनच मी लेखणी उचलली आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती सांगून मी थांबेन. गेल्या वर्षभरात तुझ्या बोलण्यात त्या बंधूंचे नाव जितक्या वेळा येते, तितके प्रभू येशूचे येत नाही. बंधू म्हणाले, बंधूंना दर्शन झाले, बंधूंनी सांगितले की हे शेवटचे दिवस आहेत, बंधूंनी अमुक देशातल्या युद्धाचा उलगडा केला. प्रभू त्या वाक्यांत कुठेतरी असतो, नाही असे मी म्हणत नाही. पण तो मागच्या बाकावर बसलेला असतो.

तुझी तेलाची बाटली कुरिअरने पोहोचली. तेल लावून प्रार्थना करणे मला परके नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्यावर प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी असे लिहिलेलेच आहे, आणि आपले पाळकसाहेब मागच्या शुक्रवारी येऊन तसे करून गेले. स्वयंपाकघरातले गोडेतेल वाटीत घेतले होते. तुझ्या बाटलीवर मात्र बंधूंचा फोटो आहे आणि खाली किंमत छापलेली आहे. कोणाच्या नावाने लावायचे, हे याकोबाने सांगितले आहे. फोटोविषयी तो काही बोलत नाही.

प्रभू बरे करू शकतो का, हा आपल्या दोघींमधला वाद नाही. सर्जनांनी आशा सोडलेली माणसे चालत घरी गेलेली मी वॉर्डात पाहिली आहेत, आणि आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली तरी गेलेली लेकरेही पाहिली आहेत. मला कळत नाही ते इतकेच, की चाळीस दिवसांची मुदत प्रभूला कोणी घातली? जो सर्वांवर प्रभू आहे त्याला एका माणसाच्या वेळापत्रकात बसवायचे, तो त्याप्रमाणे वागला नाही तर दोष रोग्याच्या विश्वासाला द्यायचा, आणि वेळापत्रक करणाऱ्याला कोणी काही विचारायचे नाही, हे कोणत्या शुभवर्तमानात आहे ते मला दाखव.

पौलाला कलस्सैकरांना पत्र का लिहावे लागले, हे तू मोठी झाल्यावर पुन्हा वाचलेस का? कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातले लहानसे गाव. तिथल्या लोकांनी पौलाचे तोंडही पाहिलेले नव्हते. शुभवर्तमान त्यांना एपफ्रासाने सांगितले होते. त्यांनी येशूला सोडले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घे. येशू होताच, पण त्याच्या जोडीला आणखी काही हवे असे त्यांना कोणीतरी पटवत होते: अमुक खाऊ नका, तमुक शिवू नका, अमावास्या आणि सण पाळा, देवदूतांची उपासना करा, ज्याला दर्शने होतात त्याचे ऐका. दुसऱ्या अध्यायात हे सगळे आहे. पौल बंदिवासात होता, आणि त्याने या एकेका गोष्टीचे खंडन करण्यापूर्वी पहिल्या अध्यायात ख्रिस्त कोण आहे हे लिहून काढले. तो अदृश्य देवाचे प्रतिरूप आहे. आकाशातले आणि पृथ्वीवरचे, दृश्य आणि अदृश्य सर्व त्याच्या द्वारे व त्याच्यासाठी निर्माण झाले. तो सर्वांच्या आधी आहे, सर्व काही त्याच्यामध्ये टिकून आहे, मंडळीचे मस्तक तोच आहे. एवढे म्हटल्यावर दुसऱ्या कोणासाठी जागा कुठे उरते? काळ गोंधळाचा आहे असे तू म्हणतेस, ते मला मान्य आहे. पण शेवटच्या दिवसांचा नकाशा पौलाने कलस्सैकरांना काढून दिला नाही. ख्रिस्ताला पहिल्या स्थानी ठेवा आणि त्याच्यात मुळावलेले राहा, असे सांगितले.

आणि त्याच पत्राच्या शेवटी सलाम सांगणाऱ्यांत कोण आहे? प्रिय वैद्य लूक. पौलाने आपल्या सोबत्याला वैद्य म्हटले तेव्हा त्याचा विश्वास कमी पडला, असे तुझे बंधू म्हणतील का? त्याने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला मिलेत येथे आजारी सोडून पुढे जावे लागले, एपफ्रदीत मरता मरता वाचला, आणि स्वतःच्या देहातला काटा तीनदा विनवणी करूनही निघाला नाही. यांतल्या कोणाला तू पत्र लिहून चाळीस दिवस थांबा असे सांगशील?

बघ, उपदेश झालाच. रागावू नकोस. वॉर्डात नव्या मुलींवर ओरडण्याची सवय घरात यायला नको होती, असे पप्पा नेहमी म्हणतात. ते आता शेजारच्या खोलीत आहेत, आणि मी काय लिहिते ते त्यांना ठाऊक आहे. ‘जास्त लिहू नकोस’ असे दोन खोल्यांच्या मधून सांगूनही झाले.

तुला ती शब्बाथ शाळेची पाठांतर स्पर्धा आठवते का? पाचवीत होतीस. कलस्सैकरांचा पहिला अध्याय, पंधरा ते वीस वचने, न अडखळता म्हणालीस. आणि बक्षिसाचा कंपास घेऊन खाली येताना पप्पांना विचारलेस की सगळे त्याच्यामध्ये टिकून आहे तर आपली भिंतही का, कारण त्या पावसाळ्यात मागची भिंत पडली होती. पप्पा इतके हसले की पाळकसाहेबांनी वळून पाहिले. रात्री मात्र ते मला म्हणाले, या पोरीने प्रश्न बरोबर विचारला, मला उत्तर देता आले नाही. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता बंधूंना एकही प्रश्न विचारत नाही, याचे मला फार नवल वाटते. तू बंगळुरूला एवढ्या मोठ्या कंपनीत चाळीस माणसांचे काम सांभाळतेस, कोणी आकडा चुकवला तर लगेच पकडतेस, हे मी गल्लीभर सांगत असते, अगदी लाज सोडून.

आजी सांगायची ते तू तिच्या मांडीवर बसून ऐकलेले आहेस. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कथेड्रलच्या आवारात, उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या, तेव्हा ती तिथे होती. बिशप असावा की नसावा, बाळाला बाप्तिस्मा द्यावा की मोठेपणी पाण्यात बुडवून, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडलेली माणसे एका मांडवात आली. आजीला त्यातले सगळे पटले नव्हते. स्कॉटिश मिशनच्या साध्या उपासनेत वाढलेली ती, बिशपांचे झगे पाहून नाक मुरडायची. पण ती म्हणायची की ज्याने त्याने आपापले काही बाजूला ठेवले, फक्त प्रभूला कोणी बाजूला ठेवले नाही, म्हणून ते जमले. मला आपल्या मंडळीचा फार मोठा अभिमान आहे असे नाही. मालमत्तेचे वाद, खुर्च्यांची ओढाताण, सगळे मी पाहते, आणि तू कंटाळून निघून गेलीस त्याचे कारणही मला कळते. पण मंडळीला कंटाळून माणूस प्रभूकडे जावा. तू दुसऱ्या एका माणसाकडे गेलीस, असे मला वाटत राहते.

पुन्हा तेच आले. काय करू?

तू ज्या कॉलेजात शिकलीस त्याला ज्यांचे नाव आहे ते हिस्लॉप साहेब 1845 मध्ये इथे शुभवर्तमान सांगायला आले, आणि शाळा चालवता चालवता विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले. दगड तपासल्याने ख्रिस्ताचे काही कमी होते असे त्यांना वाटले नाही, कारण दगडही त्याच्याच द्वारे झाले. मग सर्जनांची सुरी त्याच्या राज्याबाहेरची कशी? पप्पांच्या पायातली रक्तवाहिनी, माझ्या हातातला फोर्सेप, भूल देणारी ती तरुण डॉक्टर, ही सगळी त्याच्या प्रभुत्वाखाली आहेत. तुझ्या बंधूंचा ख्रिस्त त्यांच्या मंचावर आणि त्यांच्या बाटलीतच तेवढा काम करतो. मला तो फार लहान वाटतो.

रूपांतराच्या डोंगरावर मोशे आणि एलीया दिसले तेव्हा पेत्राला तीन मंडप उभारायचे होते. मोशे आणि एलीया कोणी लहान माणसे नव्हती. तरी मेघातून वाणी झाली ती एकाविषयीच, याचे ऐका. आणि शिष्यांनी डोळे वर केले तेव्हा येशूशिवाय कोणी दिसले नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तर स्वतःच सांगितले की त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. कोणत्याही उपदेशकाला मी आता याच एका मापाने मोजते. तू तुझ्या बंधूंना मोजून बघ. मी सांगते म्हणून नव्हे, तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी.

माझी भीती काय आहे ते एकदाच उघड लिहिते. करंगळी गेली म्हणजे तुला वाटेल की पप्पा हरले. ते मी सहन करीन, तेही करतील. पण उद्या त्या माणसाचे काही खोटे निघाले, पैशाचे म्हणा की आणखी कशाचे, तर तू त्याच्याबरोबर प्रभूलाही सोडून देशील. कारण दोघांची नावे तुझ्या मनात एकमेकांत गुंतली आहेत. माणूस पडतो, मोठा माणूसही पडतो. रात्री दोन वाजता पप्पांना पाणी द्यायला उठते तेव्हा हेच डोक्यात असते, करंगळी नसते.

आणि आणखी एक. ज्याच्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असे फिलिप्पैकरांच्या पत्रात म्हटले आहे, त्यानेच आधी स्वतःला रिक्त केले, आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. आपल्या प्रभूचा मोठेपणा हा असा आहे. पप्पांचे पाऊल मांडीवर घेऊन बसते तेव्हा मला त्याच्या राजेपणाविषयी जितकी खात्री वाटते, तितकी तुझ्या सभेच्या व्हिडिओतले दिवे आणि धूर पाहून वाटत नाही. मी जुन्या काळची आहे, हे धरून चल.

दशांश दे, अवश्य दे. पण निळ्या डब्यातल्या पैशांना हात लावू नकोस, ते शमुवेलच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाचे आहेत. त्याला हे पत्र दाखवू नकोस.

संघमित्रा एक्सप्रेसने निघालीस तर बुधवारी पोहोचशील. तिकीट मिळाले नाही तर धडपड करू नकोस, इथे आत्या आहे, शेजारचे आहेत. येता आले नाही तर एक काम कर. गुरुवारी सकाळी सातला त्यांना आत नेतील. त्याआधी पप्पांना तुझ्याकडून कलस्सैकरांचा पहिला अध्याय, पंधराव्या वचनापासून, फोनवर ऐकायचा आहे. हे त्यांनी स्वतः सांगितले, मी सुचवलेले नाही. एस्तेरआत्या वाचायला तयार आहे, पण ती तिसऱ्या वचनावर रडायला लागते आणि मग पुढचे कोणालाच कळत नाही. साडेसहाला फोन कर. स्पीकरवर ठेवीन.

तुझी,
आई