अल्बमचेही परीक्षण छापा

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत चित्रपटांची, पुस्तकांची परीक्षणे नेमाने येतात. लहान, स्वतंत्र रेकॉर्ड लेबलांचे, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांचे, अल्बम मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. दिल्लीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या आझादी रेकॉर्ड्सने रॅपचे पूर्ण लांबीचे अल्बम काढले. आमच्या परभणीतली पोरे ते मोबाइलवर ऐकतात, पण त्यावर मराठीत वाचायला जवळपास काहीच मिळत नाही.

मराठवाड्याला छोट्या कंपन्यांचे संगीत नवीन नाही. तुळजाभवानीच्या आराधी गाण्यांच्या कॅसेट घरोघरी वाजल्या. गायकाचे नाव वेष्टनावर ठळक असे. संबळावर कोण, तुणतुण्यावर कोण, याचा मात्र बहुधा पत्ता नसे. मला आजही त्याची हळहळ वाटते. परीक्षण लिहिणाऱ्याने आता तरी ही नावे शोधून छापावीत. संबळाचा घुमारा कीबोर्डच्या ठेक्याखाली दबला असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. नुसते ‘श्रवणीय’ म्हणून भागत नाही.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला. आमच्याकडे गाणी लिहिणाऱ्या किती जणांना करारावर सही करताना हे ठाऊक असते? लेबल कलाकारांना काय देते, हेही परीक्षणात यायला हवे.

महिन्यातून एकदा अर्धे पान द्या. सुरुवात आराध्यांच्या गाण्यांपासून करावी, ही विनंती.

– एक वाचक, परभणी