गाडी पोचल्यावर

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

आबांची मॉरिस मायनर सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. फोटोत ती ट्रकवरून उतरतेय आणि तू शेजारी कमरेवर हात ठेवून उभी, थेट आबा! सगळं मुळासारखंच ठेवायचं या तुझ्या हट्टावरून काल फोनवर जे झालं ते झालं. फोन आधी कुणी आपटला यावर आता वाद नको. बोलताना माझा आवाज चढतो म्हणून लिहितेय. ब्रेकबद्दल लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

रंगाबद्दलचं तुझं म्हणणं मला पटलं. मामा म्हणतो तसा सगळा रंग खरवडून चकचकीत नवा मारायचा नाही. नवा काय, केव्हाही मारता येतो. कारखान्यातला एकदा घासला की गेलाच. धुऊन, हलक्या हाताने पॉलिश करून मेण लाव, बस. उजव्या मडगार्डावर तो ब्रशने फासलेला पट्टा आहे ना, तो मामाचा प्रताप. आबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते, पण पट्टा काही त्यांनी काढू दिला नाही. गाडी 1958ची आणि हा रंग नंतरचा, म्हणून तुझा हात शिवशिवेल. राहू दे गं तो.

मात्र रंग जपायचा म्हणजे गंज जपायचा नव्हे. मॉरिस मायनर वरून देखणी दिसते आणि खालून कुजत जाते. चासीचे पुढचे दांडे, मधला आडवा सांधा आणि मागच्या स्प्रिंगांचे पाटे जिथे टांगलेत ती जागा, सगळीकडे लोहचुंबक फिरव. चिकटलं नाही तर समज, आत पत्रा उरलेला नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये. तिथे मूळ बीळ काही बघायचं नाही, सरळ कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. त्याआधी बॅटरी सोडव, पेट्रोलची टाकी उतरव. बॅटरी परत जोडताना लक्षात ठेव, हिचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडायचं, आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. सुटलेल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध. आणि ट्रनियनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या आट्यांच्या सांध्यांना, ग्रीस. तिथे हयगय झाली की आटे झिजतात आणि एक दिवस पुढचं चाक दुमडून आडवं होतं.

झालंच लेक्चर सुरू. चुकलं बाई. जाम बसलेलं इंजिन तू प्लगच्या भोकांतून तेल सोडून, घाई न करता, हाताने फिरवून मोकळं केलंस. मामा तर त्यावर हातोडा चालवायला निघाला होता. तुला मी काय शिकवणार! शेजारच्या काकूंना मी हे दोनदा ऐकवलंय.

बॉनेटच्या मधोमध ती सपाट पट्टी आहे ना, तिच्यावर हात ठेवून आबा येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट सांगायचे. या गाडीची रचना अ‍ॅलेक इसिगोनिस या ब्रिटिश डिझायनरची. नमुन्याची गाडी त्याला फार अरुंद वाटली, म्हणून त्याने ती उभी मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्धुकं मनासारखी दिसेपर्यंत मागेपुढे सरकवत राहिला. चार इंचांवर समाधान झालं. बंपर मात्र तोवर तयार होऊन बसले होते, तेही कापून मध्ये तुकडा जोडावा लागला. मी शाळेची फूटपट्टी घेऊन ती पट्टी मोजायला गेले होते. आबा कौतुकाने बघत उभे. 1948मध्ये बाजारात आलेली ही गाडी ज्याने घडवली त्यालाच मूळ नमुन्याची पर्वा नव्हती, मग तूच कशाला इतकी हटून बसतेस, हे मला काल सुचायला हवं होतं.

आता लिहितेच. ब्रेक. चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे. एक होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, फुटला की पेडल थेट तळाला जातं आणि उरतो फक्त हँडब्रेक, तोही मागच्या दोन चाकांपुरता. उतारावर ब्रेक गेल्याचं तुला बाबांनी सांगितलंय, पण ते हसत सांगितलं असणार. मी मागच्या सीटवर होते.

पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या दांड्यात बसवलाय. बोल्ट काढायला टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा पीळ घेणारा दांडा, आडवा येतो, म्हणून लोक तो तसाच ठेवतात आणि नुसतं ब्रेक ऑइल बदलतात. ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं, सिलिंडर आतून गंजतो, बाहेरून काही कळत नाही. तू तसं करणार नाहीस, माहीत आहे मला. तरी.

सीटबेल्टचंही तेच. आबांच्या गाडीत नव्हते म्हणून आपणही लावायचे नाहीत, हा कुठला हट्ट? खांबातून बाहेर येणारे ते इंडिकेटर ठेव, लाडके आहेत माझेही, पण आज मागून येणाऱ्याची नजर तिथे जाते का? जोडीला लुकलुकणारे दिवे लाव. पुन्हा काढता येईल असंच सगळं बसव आणि जुनं काढलेलं डब्यात घालून नाव लिहून ठेव, म्हणजे तुझंही समाधान.

नवा सिलिंडर कधी येतोय ते कळव. तो बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. बाबा म्हणतायत, या भांडणात माझं नाव घालू नका.

तुझी,
आई

ता. क. होज तीन आहेत, पुढे दोन, मागे एक. तिन्ही बदल. बाहेरून चांगले दिसले तरी.