टॉवरच्या जाहिरातीत आर्किटेक्टचं नाव कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत खराडी, बाणेर, बालेवाडीच्या टॉवरच्या पानभर जाहिराती असतात, त्यात क्रिकेटर असतो नाहीतर हिरोईन असते, क्लबहाऊस असतं, एअरपोर्ट किती मिनिटांवर ते असतं, फक्त ज्याने ती बिल्डिंग डिझाईन केली त्याचं नाव भिंग लावून शोधलं तरी सापडत नाही. आणि पत्रांच्या कॉलममध्ये टॉवरवरून भांडणं चालतात ती पाणी आणि ट्रॅफिकची. ती रास्तच आहेत, टँकरचे पैसे आम्हीही भरतो. पण बिल्डिंग दिसते कशी, उन्हापावसात वागते कशी यावर कोणी अवाक्षर काढत नाही. मला उंच बिल्डिंगा मनापासून आवडतात (पुण्यात हे बोलायला जरा छाती लागते) म्हणून हे पत्र.

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी न्यूयॉर्कच्या क्रायसलर बिल्डिंगवाली. 1930 सालची, 77 मजल्यांची, वर स्टेनलेस स्टीलचा चकाकणारा मुकुट, कोपऱ्यांतून बाहेर डोकावणारे स्टीलचे गरुड, आणि तो टोकाचा सुळका तर आतल्या आत गुपचूप जोडून एकदम वर काढला होता, का तर प्रतिस्पर्धी बिल्डिंगपेक्षा उंची जास्त भरावी म्हणून! दुसरी पार्टी म्हणते हा सगळा नटवेपणा झाला, खरी बिल्डिंग म्हणजे त्याच शहरातली आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहची 1958 ची सीग्राम बिल्डिंग, सरळ उभी, काळपट ब्राँझ आणि काच, कुठे नक्षी नाही, आणि पुढे लोकांना बसायला मोकळा चौक.

मी क्रायसलरच्या पार्टीत. कारण सीग्रामचा साधेपणाही म्हणावा तितका साधा नाहीये. तिच्या अंगावर ज्या उभ्या ब्राँझच्या पट्ट्या दिसतात त्यांच्यावर बिल्डिंगचा भार अजिबात नाही, आतलं स्टील आगीच्या नियमामुळे काँक्रीटमध्ये झाकावं लागलं म्हणून ते बाहेरून "दिसावं" यासाठी त्या लावल्यात. म्हणजे दागिनाच की तो! फक्त कमी चमकणारा. चौकाबद्दल मात्र मी सीग्रामला पैकीच्या पैकी मार्क देतो, आपल्याकडे टॉवर रस्त्याला भेटतो तो चार-पाच मजली पार्किंगच्या भिंतीने, फुटपाथवरून चालताना नुसत्या जाळ्या आणि गेटवरचा वॉचमन.

पण खरी मजा पुण्याची आहे. इथे दोन्हीतलं काही आलं नाही. आलेत ते बाहेरून एसीपी (अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेली) शीट ठोकलेले खोके, नाहीतर चोविसाव्या मजल्यावर रोमन खांब. आणि ऑफिस असेल तर काच, तीही पश्चिमेला! एप्रिलमध्ये पारा चाळिशीत गेला की दुपारी तीननंतर आतली माणसं ब्लाइंड्स ओढून ट्यूबलाइट लावून बसतात, मग काच कशाला हवी होती? लंडनला 2013 मध्ये एका नव्या टॉवरच्या आत वळलेल्या काचेवरून ऊन एकवटून खाली पार्क केलेल्या जग्वारचे भाग वितळले होते, शेवटी त्या बिल्डिंगला बाहेरून सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ते लंडन. आपलं ऊन त्यापुढे काय सांगू.

लांब जायला नको, उत्तर मुंबईतच उभं आहे. कंबाला हिलवरचं कांचनजंगा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, 1983 सालचं, 28 मजले. तिथे समुद्राचा वारा आणि व्ह्यू हवा तर घराचं तोंड पश्चिमेला पाहिजे, आणि तिकडूनच ऊन न् पाऊस झोडपतात. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि टॉवरच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. घर आत सावलीत राहिलं, वारा आला, आणि बाहेरून त्याच कोरीव कोपऱ्यांमुळे बिल्डिंग लांबून ओळखू येते. दर्शनी बाजूला वेगळी सजावट चिकटवावी लागली नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोन्ही पार्ट्या या एकाच बिल्डिंगवर एकमत होतात.

बिल्डर म्हणणार एफएसआयमध्ये (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या मर्यादेत) बसत नाही. अहो, न्यूयॉर्कमध्येही रस्त्यावर उजेड यावा म्हणून 1916 साली नियम आला, वर जाताना बिल्डिंग मागे सरकवायची, आणि त्याच नियमातून ते पायऱ्यापायऱ्यांचे टॉवर जन्माला आले ज्यांचे आपण आज फोटो काढतो. नियमात खोल बाल्कनीला आणि सावलीला खरंखुरं बक्षीस ठेवा, आर्किटेक्ट मंडळी बघा काय काय काढतात. पुण्याला मान वर करून बघायची सवय नाही असंही नाही, मंडईचा 1886 चा अष्टकोनी मनोरा अजून कोणाला खुपत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, नाटक-सिनेमाचं परीक्षण छापता तसं महिन्यातून एकदा शहरातल्या एका नव्या टॉवरचं परीक्षण छापा, आर्किटेक्टच्या नावासकट. लिहिणारा मात्र असा हवा की जो मे महिन्यात दुपारी तिथल्या पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये तासभर बसून आलाय, सँपल फ्लॅटचा एसी बंद करून. जाहिराती कमी होतील अशी भीती असेल तर पहिली सुरुवात एखाद्या चांगल्या बिल्डिंगपासून करा, शोधून एखादी सापडेलच.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे