‘कोरडी’ हा शब्द गाळू नये

महोदय,

सहावीत शिकणाऱ्या माझ्या नातीला घटक चाचणीत ‘हवा म्हणजे काय?’ असा प्रश्न होता. ‘हवा हे वायूंचे मिश्रण असून त्यातील बाष्पाचे प्रमाण सतत बदलते’ असे तिने लिहिले; परंतु गाईडमधील उत्तरात नायट्रोजन 78, ऑक्सिजन 21 आणि ‘बाष्प, धूळ व इतर’ 1 टक्का अशी वाटणी असल्याने तिचा एक गुण कापला गेला. गुणाचे दुःख नाही, पण ती वाटणीच चुकीची आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

नायट्रोजन 78.08, ऑक्सिजन 20.95 आणि आर्गॉन (सहसा कशाशीही संयोग न पावणारा वायू) 0.93 टक्के हे कोरड्या, म्हणजे बाष्प वगळलेल्या हवेचे, आकारमानाने काढलेले आकडे आहेत. ‘इतर’मध्ये ढकलला जाणारा तो टक्का जवळजवळ सगळा आर्गॉनच. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी 1785 मध्ये हवेतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग घडवून तो संपवू पाहिला, तेव्हा एक चिमुकला बुडबुडा काही केल्या संपेना. तो आर्गॉनचा होता, हा उलगडा रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी केला तो थेट 1894 मध्ये. कार्बन डायऑक्साइडचा 0.03 टक्के हा पाठ केला जाणारा आकडाही आता जुना झाला असून आज ते प्रमाण 0.042 टक्क्यांच्या पुढे आहे.

बाष्पाचे म्हणाल, तर जूनमध्ये ठाण्यातील कोणत्याही स्वयंपाकघरात फ्रिजमधली स्टीलची बाटली ओट्यावर ठेवावी. दोन मिनिटांत तिला बाहेरून पाणी सुटते आणि खाली गोल ओघळ उमटतो. ते पाणी हवेतले. तापमान 30 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के (म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या बाष्पाच्या 80 टक्के बाष्प) असताना हवेत तीन टक्क्यांहून अधिक बाष्प असते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत पाऊण लिटरभर पाणी अदृश्यपणे वावरत असते, आणि तेवढ्या प्रमाणात बाकीच्यांचे वाटे घटून ऑक्सिजन 20.3 टक्क्यांच्या आसपास येतो. (अशा हवेला आपण ‘जड’ म्हणतो, प्रत्यक्षात बाष्पाचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्याने ती कोरड्या हवेहून हलकी असते.)

धुळीला तर या यादीत जागाच नाही. घोडबंदर रस्त्यावर नाकातोंडात जाते ती धूळ वायू नसून हवेत तरंगणारे कण आहेत. ते टक्क्यांत नव्हे, तर दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

म्हणून व्याख्या करायचीच तर अशी करावी : पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने तिच्याभोवती धरून ठेवलेले वायूंचे मिश्रण म्हणजे हवा; त्यातील कोरड्या भागातील मुख्य वायूंचे परस्परप्रमाण सुमारे 80 किलोमीटर उंचीपर्यंत जवळपास स्थिर असते, तर बाष्पाचे प्रमाण स्थळकाळानुसार बदलते. एवढे लांब नको असेल, तर गाईडकारांनी तक्त्याच्या डोक्यावर निदान ‘कोरडी हवा’ एवढे तरी छापावे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)