तुझा फॉरवर्ड वाचला, आता माझं ऐक

दोस्ता,

काय करायलास? मुसलमानांना शिव्या घालणारा तुझा तो फॉरवर्ड वाचला. फोनवर बोललं की आपलं भांडण व्हायलंय, म्हणून लिहितोय. तू विचारलंस, देव मानत नाहीस तर रमजानात शेजारच्या चाचांकडं इफ्तारीला कसा जातोस? अरे बाबा, सत्यनारायणाचा शिरा पण दोन वाट्या खातोच की मी.

कुराण आकाशातून आलं हे मला पटत नाही, वेदांचंही नाही, चाचांना ते माहितीय. एकदा त्यांनीच सांगितलं की कुराणातल्या १०९ व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच अल-काफिरून, म्हणजे न मानणारे, आमच्यासारख्यांसाठीच, आणि तिचा शेवट काय, तर तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. अन् खजुराची प्लेट सरकवली पुढं.

म्हणून मी सगळं गोड मानतो असं नाही हां. तोंडी तलाकवरून चाचांशी मी कडकडून भांडलोय. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चा काढला, मी त्या बाजूचा. पण ते त्या बायकांसाठी रस्त्यावर उतरले होते, तुझ्या फॉरवर्डमध्ये बायकांची काळजी कुठंय, नुसत्या शिव्या आहेत.

रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या काळातल्या त्या हत्यारबंद टोळ्यांचं म्हणशील तर आबांनी आपल्या दोघांनाही मांडीवर बसवून सांगितलंय, ते खोटं नाहीच. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं निजामाचं हैदराबाद संस्थान घेतल्यावर, काय झालं ते कधी सांगितलं का? मी लई उशिरा वाचलं, सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजार धरलाय, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट हालत झालेल्या चार जिल्ह्यांत आपलं नांदेड आणि उस्मानाबाद. आबांना विचारलं तर त्यांनी रेडिओ लावला. मंग मी पण परत विचारलं नाही.

आणि औरंगाबादची ती रूम आठवते का रे? आपण तिघं गेलो होतो बघायला, मालकानं नावं विचारली, तिसऱ्याचं ऐकून म्हणाला रूम कालच गेली, आणि दुसऱ्या दिवशी तीच रूम आपल्या दोघांना दिली. आपण मुकाट्यानं डिपॉझिट भरलं. कॉलेजात नास्तिक म्हणून मिरवणारा मी, दोन वर्षं त्या खोलीत हिंदू म्हणूनच राहिलो की. पोरगा नंतर पण डबा घेऊन यायचा आपल्याकडं, कधी एक शब्द बोलला नाही, तेच जास्त टोचतंय.

त्याचा नंबर आहे का तुझ्याकडं? असला तर पाठव.

तुझाच